टेपचं दुसरं टोक

सोनाळा, ता. संग्रामपूर
९ मार्च २०२५

चि. प्रेरणा,

आशीर्वाद आहेत, पण आज जरा रागावलेले आहेत.

तू पाठवलेली घरांच्या भावांची यादी मिळाली. शाकिरने त्याच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून आणून दिली आणि पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "आत्याबाई, कागद पाहूनच मले चक्कर आली, पैसे काय घेऊ!" म्हणजे बोलला असावा असं, मी त्याचे ओठ पाहिले. माझे कान गेले म्हणून तू फोन सोडून पत्रं लिहितेस, हे मला फार आवडतं. शिवाय ऐकताना काही बंद करता येत नाही. वाचताना निदान मधेच चष्मा काढून ठेवता येतो. मी दोनदा काढला.

डब्लिनमध्ये दोन खोल्यांच्या फ्लॅटला चार कोटी! अगं, भिंत शेजाऱ्याची, वरचं छत म्हणजे वरच्याची फरशी, खालची फरशी म्हणजे खालच्याचं छत. मग चार कोटींत तुमचं काय, मधली हवा? त्याच पैशात पुण्यात वाकडला साडेचार फ्लॅट आणि खामगावात तेरा, असा हिशोब तू मांडलास. बरं, मांड. पण सगळ्यांत खाली लिहिलंस, "सोनाळा, आपलं घर, अंदाजे साडेसात लाख." आणि पुढे कंसात, एवढ्यात डब्लिनला तेरा चौरस फूट जागा येईल.

मी उठून वितीने मोजलं. आपली न्हाणी सोळा चौरस फुटांची आहे. म्हणजे चार खणांचं घर, मागचं मातीच्या छताचं धाबं, अंगण, कडुलिंब, सगळं विकून मला तुमच्याकडे बसून आंघोळही करता येणार नाही, उभ्याने करावी लागेल. हे भाव ठरवणारा कोण बसलाय, त्याचा पत्ता दे. मी त्यालाही लिहीन.

आणि तुझ्या यादीत एक रकाना राहिलाय. त्या घरातून माणसाला कोणी बाहेर काढू शकतं की नाही, तो. धामणगाव बढ्याला माझ्या सासरी आठ खण होते आणि वर माडी. तिथून एका सकाळी मला पिशवीसकट बाहेर काढलं. म्हणून माझ्या यादीत त्या घराचा भाव शून्य. तेव्हापासून चौतीस वर्षं मी इथे, भावाच्या घरात. अंगणवाडीच्या मानधनातून घरपट्टी भरली, दर वर्षी मृगाच्या आधी धाब्यावर खारी माती टाकून घेतली.

तुला माहीत नसेल म्हणून सांगते. १९९९ साली तुझ्या बाबांनी मला संग्रामपूरला नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली. बहिणीने माहेरचा हिस्सा सोडायचा आणि भावाने तिला साडी-चोळी करायची, ही आपल्याकडची रीत. मोरपंखी साडी दिली त्याने. बाहेर येऊन म्हणाला, "अन्नपूर्णे, कागद म्हणजे निस्ता कागद. तू हायेस तोवर घर तुह्यंच." आता याचा भाव कोणत्या रकान्यात लिहिशील?

चिमीला गोड पापा. गणेशरावांना नमस्कार.

तुझी आत्या,
अन्नपूर्णा


डब्लिन
१६ मार्च २०२५

प्रिय आत्या,

नमस्कार. यादीचा तुला एवढा राग येईल असं वाटलं नव्हतं. आमच्या वॉर्डातल्या नर्सेसचा तो एक खेळ आहे. जेवायच्या सुट्टीत केरळची सांगते, इथल्या एका फ्लॅटमध्ये तिच्या गावात किती घरं येतील. मग फिलिपिन्सची सांगते, मग पोलंडची. जिच्या गावात जास्त घरं येतात ती जिंकली. आधी सगळ्या हसतो. मग घड्याळाकडे बघून उठतो. गेल्या आठवड्यात सोनाळा पहिला आला.

तुझी न्हाणी वाचून गणेश खूप हसला.

एक काम होतं. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा आणि घरपट्टीच्या पावत्या तुझ्याकडे आहेत ना? शाकिरभाऊंना त्यांचे फोटो पाठवायला सांग. बाबा गेल्यापासून घराचे कागद तसेच पडलेत, ते एकदा नीट करून घ्यायचे आहेत. बाबांच्या मावसभावाचा गजेंद्र, संग्रामपूरचा, तो मोजमापाला येईल. त्याला जरा मदत कर.

तब्येतीला जप. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव.

तुझी,
प्रेरणा


सोनाळा
२३ मार्च २०२५

चि. प्रेरणा,

या वेळी आशीर्वाद हसरे आहेत.

कागद नीट करायचेत, एवढंच लिहिलंस, पण मला कळलं गं. भावाच्या मनातलं राहून गेलं होतं. त्याला वेळच मिळाला नाही, दवाखान्यातूनच गेला. मी त्याच्या माघारी कधी तोंडाने बोलले नाही, कारण सही केलेल्या बाईने मागणं बरं दिसत नाही. आणि मी त्या पत्रात रागाच्या भरात लिहिलं काय, तू लगेच मनावर घेतलंस काय! नमुना आठवर माझं नाव लागेल, हे मी या जन्मी धरून चालले नव्हते.

पावत्या सगळ्या आहेत, एकही गहाळ नाही. शाकिर फोटो काढता काढता थकला. पुढच्या भिंतीला मी चुना लावून घेतला. गजेंद्रला म्हणावं, जेवायच्या वेळेला ये. मोजणाऱ्या माणसाला उपाशी पाठवायचं नाही.

तुझी आत्या


सोनाळा
६ एप्रिल २०२५

प्रेरणा,

आज वर आशीर्वाद लिहिलेले नाहीत. हात उचलला नाही.

तुझा गजेंद्र काल येऊन गेला. सोबत एक पांढऱ्या कपड्यांतला माणूस होता. मला वाटलं, ग्रामपंचायतीचा असेल. दोघांना पिठलं-भाकरी वाढली, वर चहा दिला. मग गजेंद्रने खिशातून लोखंडी टेप काढली आणि खुणेने मला म्हणाला, जरा ते टोक धरा. मी धरलं. चारही खणांत धरलं, अंगणात धरलं, गुडघा दुखत असताना खाली बसून न्हाणीच्या कोपऱ्यात धरलं. "नीट धर, कमी भरू देऊ नको," असं मी मनात स्वतःलाच सांगत होते. माझं नाव लागणार ना त्या मापावर!

शेवटचं माप परसातलं होतं. मी भिंतीशी टोक धरून उभी, ते दोघं दुसऱ्या टोकाला कडुलिंबाखाली. कान गेलेल्या बाईसमोर माणसं काहीही बोलतात. पण त्यांची तोंडं माझ्याकडे होती.

पांढऱ्या कपड्यांतला म्हणाला, "जागा रस्त्याची हाय, गोडाऊन मस्त होते. पण बुढीचं काय करतं बे?"

गजेंद्र म्हणाला, "थे का खरेदीत येते? जूनपर्यंत खाली करून देतो. खामगावले आश्रम पाहून ठेवला."

"बोंबलली तं?"

"बोंबलून काय करते? सही कवाचीच देऊन बसली थे."

मी तिथूनच ओरडले, "बाबू, मले ऐकू येत नाही, पण दिसते सारं!" आणि टोक सोडून दिलं. टेप सर्रकन गेली आणि त्याच्या अंगठ्याला लागली. रक्त आलं. मी हळद दिली नाही.

मग त्याने रुमाल बांधता बांधता तुझं मुखत्यारपत्र दाखवलं. त्यावर फेब्रुवारीची तारीख आहे. म्हणजे विकायचं फेब्रुवारीत ठरलं आणि यादी मार्चमध्ये आली. आधी गिऱ्हाईक शोधलंस आणि मग मला भाव शिकवलेस. खेळ म्हणे!

घर तुझ्या नावावर आहे, हे मला कळतं. मला राग कशाचा आला ते ऐक. मागच्या महिन्यात मी तुला जे लिहिलं, ते तू वाचलंस. मी काय समजून बसले, ते तुला कळलं. मी चुना लावला, हेही कळलं. आणि दोन आठवडे तू गप्प बसलीस. एक ओळ लिहायची होती, "आत्या, तसं नाही." मी भाकऱ्या तरी थापल्या नसत्या.

अन्नपूर्णा


डब्लिन
९ एप्रिल २०२५

आत्या,

तू बोल, हवं ते बोल. तुझं २३ तारखेचं पत्र मी हॉस्पिटलच्या जिन्यात वाचलं आणि तिथेच बसून राहिले. तीन वेळा उत्तर लिहायला घेतलं. लाज वाटली म्हणून लिहिलं नाही, आणि लिहिलं नाही म्हणून अजून लाज वाटली. पण आता सगळं सांगते.

आम्ही राहतो ते घर मालक विकतोय. जानेवारीत चार ओळींची ईमेल आली, अमुक तारखेपर्यंत घर रिकामं करून द्यावं. चार ओळी, आत्या! सहा वर्षं राहतोय आम्ही इथे. एक भाडं चुकलं नाही. बुरशी आलेली भिंत आम्ही घासली, आम्ही रंगवली. चिमीची उंची दर वाढदिवसाला दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मांडलीय, पहिल्या खुणेपासून सातव्यापर्यंत. मालकाने पाठवलेला माणूस मोजायला आला तो बूट न काढता सगळीकडे फिरला. आमच्यासमोर गिऱ्हाइकाशी बोलत होता, आम्ही तिथे नाहीच अशा तऱ्हेने. चिमीच्या खोलीत जाऊन म्हणाला, इथे मधली भिंत पाडता येईल. ती पलंगावर बसली होती! असा संताप झाला माझा. कुठे जाणार तुम्ही, हे एका शब्दाने कोणी विचारलं नाही. कागद त्याचा आहे, मान्य. पण माणसं दिसतच नाहीत का या लोकांना?

पुन्हा भाड्याने घर बघावं तर आत्ताच्या दीडपट भाडं, आणि बघायला गेलं की चाळीस माणसं रांगेत. म्हणून घ्यायचंच ठरवलं. बँक नव्वद टक्के देते, दहा टक्के आपण भरायचे. म्हणजे चाळीस लाख. साडेबत्तीस आम्ही सहा वर्षांत जमवले. राहिले साडेसात. आकडा तुझ्या ओळखीचा आहे.

मी तुला रस्त्यावर नाही सोडत आहे. खामगावचा आश्रम चांगला आहे, दर महिन्याचे पैसे मी भरीन, शेवटपर्यंत. जूनपर्यंत घर रिकामं करून दे, एवढी विनंती. दुसरा मार्ग असता तर तुला हे लिहिलं असतं का?

तुझी,
प्रेरणा


सोनाळा
२७ एप्रिल २०२५

चि. प्रेरणा,

तुझं पत्र शाकिरकडून दोनदा छापून घ्यावं लागलं. पहिलं मी चुलीत घातलं. दुसरं गादीखाली ठेवून आठ दिवस हात लावला नाही. मग काढून नीट वाचलं.

तुझ्या घरमालकाचा मला भयंकर राग आला. चिमी पलंगावर बसलेली असताना भिंत पाडायची भाषा! मी तिथे असते तर त्याला बुटासकट जिन्यावरून खाली पाठवला असता. असल्या माणसाला कोणीतरी सांगायला पाहिजे. तुमच्या इंग्रजी ईमेलींनी त्याला काही होत नसेल, म्हणून मी लिहिलंय. सोबत जोडलंय. तू इंग्रजीत करून त्याला पाठव. एकही शब्द गाळायचा नाही. मी तुला मुळाक्षरं शिकवली, त्याची फी समज.

"श्री. घरमालकसाहेब यांस सोनाळ्याहून नमस्कार.

आपली ओळख नाही. पण तुमच्या घरात जी बाई राहते, ती माझी आहे, म्हणून लिहिते. तुम्ही घर विकताय. घर तुमचं, कागद तुमचा, त्यावर माझं भांडण नाही. तुमची गरजही खरी असेल. कदाचित तुमच्या लेकराबाळांना कुठे घर हवं असेल, आणि तेवढेच पैसे कमी पडत असतील. तेही मला समजतं.

पण साहेब, ती तिथे सहा वर्षं राहिली. भिंती तिने सारवल्या. गळकं छप्पर तिने सांभाळलं. तुम्ही लांब होतात, तेव्हा संध्याकाळी त्या घरात दिवा तिने लावला. ती नसती तर विकायला घर उरलं असतं का, ते बघा. आणि तुम्ही मोजायला माणूस पाठवलात, पण तिला काही बोलला नाहीत. तिला वाटलं असेल की तिच्या भल्यासाठीच कोणी आलंय. तिने चहा केला असेल. मापात चूक होऊ नये म्हणून तिनेच टेप धरली असेल.

तुम्ही स्वतः येऊन समोर बसला असता आणि म्हणाला असता, 'बाई, मी अडचणीत आहे,' तर तिने तुमच्यासाठी आपणहून बोचकं बांधलं असतं. तेवढा जीव होता तिचा तुमच्यावर. तुम्ही ते विचारलंच नाहीत. याचा तिला फार राग आहे. आणि राग ओसरला की रडू येतं, म्हणून ती राग धरून बसली आहे.

जिथे जायला सांगाल तिथे ती जाईल. पण एकदा तिच्या तोंडाकडे बघून सांगा."

एवढंच. इंग्रजी सोपं ठेव.

आत्या


डब्लिन
४ मे २०२५

आत्या,

तुझं पत्र इंग्रजीत करायला रविवारी बसले. एकेक वाक्य टाइप करत होते. चिमी शेजारी बसून वाचत होती. चहाच्या वाक्याशी आली आणि म्हणाली, "आई, पण आपण तर त्या माणसाला चहा दिलाच नव्हता. ही बाई कोण?"

मी उठले. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले.

शाकिरभाऊ तुझ्या पत्राचा फोटो पाठवतात ना, त्यात खोडलेलं दिसतं, आत्या. तू आधी 'चौतीस वर्षं' लिहिलंस आणि त्यावर काट मारून 'सहा' केलंस. मी त्या मालकाला जे जे बोलले, बूट, मोजमाप, 'माणसं दिसत नाहीत का', ते सगळं माझ्या पत्राच्या तीन दिवस आधी माझ्याबद्दलच लिहून झालं होतं, तुझ्या हातून. आणि ते वाचूनसुद्धा मी त्याच कागदावर तुला जूनपर्यंत घर रिकामं करायला सांगितलं. एका पत्रात! मला स्वतःचा इतका संताप आलाय की तो कुठे ठेवू कळत नाही.

तरी पत्र पूर्ण केलं आणि त्याला पाठवलं. तू सांगितलं होतंस म्हणून. दोन ओळींचं उत्तर आलं, पत्र हृदयस्पर्शी आहे, पण तारीख बदलता येणार नाही. हृदयाला स्पर्श झाला म्हणे!

आता काय केलं ते सांगते. गजेंद्रचं मुखत्यारपत्र रद्द केलं. दूतावासात जाऊन दुसरं करून घेतलं, शाकिरभाऊंच्या नावे. ते संग्रामपूरला तुझ्या नावाचं बक्षीसपत्र नोंदवतील. मुळात निम्मं घर तुझंच होतं, बाबांनी सहीने घेतलं. बाकीचं निम्मं तू चौतीस वर्षं उभं ठेवलंस. माझं त्यात काय होतं, एक यादी.

आम्ही भाड्याचं घर बघितलंय, इथून दीड तासावर. एकच खोली आणि स्वयंपाकघर. चिमीची शाळा सुटेल. मला तुझ्याकडून माफी नको, रागावलेलं पत्र आलं तरी चालेल, पण येऊ दे.

प्रेरणा


सोनाळा
१२ जुलै २०२५

चि. प्रेरणा,

भरभरून आशीर्वाद.

मंगळवारी नोंदणी झाली. शाकिर त्याच्या गाडीवर घेऊन गेला. १९९९ ची मोरपंखी साडी नेसले होते. तुला सांगितलं नाही कधी, ती मी एकदाही नेसले नव्हते. भावाने प्रेमाने दिली होती, पण घडी मोडायला गेलं की सहीच आठवायची. सव्वीस वर्षांत घडीवर चिरली थोडी, मी टाके घातले. तिथल्या साहेबांनी विचारलं, "बाई, घर कुणाकडून मिळालं?" मी म्हटलं, "भाचीकडून." ते म्हणाले, "आजवर उलटंच पाह्यलं. बहिणी सोडतात, भाऊ घेतात." मी म्हटलं, "माही भाची वेगळी हाय. उशिरा समजते, पण समजते." हे ऐकून शाकिर खो खो हसला.

गजेंद्र कचेरीच्या बाहेर दिसला. त्याच्या अंगठ्याचं नख काळं पडलंय. मी विचारपूस केली.

तू दीड तास लांब गेलीस, त्याचा राग माझ्या मनातून जात नाही. चार कोटींच्या गावात एका नर्सला दोन खोल्या मिळू नयेत? जी बाई दिवसभर त्यांच्या माणसांची आजारपणं काढते, तिला? कोणाच्या नावाने शिमगा करू तेवढं कळव. साडेसात लाख मजपाशी नाहीत. असते तर तुझ्या हातावर ठेवले असते आणि त्या मालकाच्या दारात तुझं घर घेतलं असतं.

पार्सल पाठवतेय. साडी आहे, चोळीचं कापड आहे. हक्क सोडणाऱ्याला साडी-चोळी करायची, ही रीत तुझ्याच बापाने पाळली, मग मी का मोडू? किंमत विचारायची नाही आणि यादीत चढवायची नाही.

आता मी घरमालकीण आहे, तेव्हा हे माझं पहिलं फर्मान. दिवाळीला तिघं इथे या. भाडं नाही, नोटीस नाही, जायची तारीख तुम्ही ठरवायची. तिकडच्या चौकटीवरच्या चिमीच्या खुणा राहिल्या त्या राहिल्या. नव्या मालकाने एव्हाना त्यावर रंग मारला असेल. तिला मागच्या खणाच्या दाराशी पाठ टेकवून उभी करू आणि इथून पुढच्या खुणा त्या चौकटीवर करू. शाकिरकडून टेप आणून ठेवलीय. एक टोक तू धर, दुसरं मी धरते.

तुझी आत्या,
अन्नपूर्णा